गुंठाभर पाणी आणि चुलीची राख

दिवाळी झाली की आमच्या शेजारचं गुऱ्हाळ पेटतं आणि मार्च संपेपर्यंत चुलवाण थंड होत नाही. तेवढ्या महिन्यांत चुलवाणामागं राखेचा जो ढीग साठतो तो कुणालाच नको असतो. थोडी भांडी घासायला जाते, थोडी कांद्याच्या तरवात. घेवड्यावर मावा पडला की सकाळच्या दवात थोडी भुरभुरतात. बाकीची वाऱ्यानं उडते आणि आमच्या दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसते. निपाणीजवळ वेदगंगेच्या काठाला ज्यांची घरं गुऱ्हाळाला लागून आहेत, त्यांना हे सांगायला नको.

मी या राखेकडं वळले ते मात्र गॅसपायी. राखेच्या खतावर अझोला ही पाणवनस्पती वाढवायची आणि शेणाच्या जोडीला गॅसच्या टाकीत सोडायची, असा बेत होता. घरामागं 2 घनमीटरचा दीनबंधू पद्धतीचा गोबरगॅस आहे, घुमट जमिनीत बांधलेला. त्याला दिवसाला 50 किलोच्या आसपास शेण लागतं. बांधला तेव्हा दावणीला बैलजोडी होती, तीन म्हशी होत्या. ट्रॅक्टर आला तशी बैलं गेली, मागोमाग एक म्हैस विकली. आता दोन म्हशींचं मिळून 30 किलो शेण होतं. किलोमागं 40 लिटर गॅस धरला तर 1200 लिटर. घरात पाच माणसं, आणि दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला माणशी 250 लिटर तरी लागतोच. म्हणजे सगळा हिशेब काठावरचा. उन्हाळ्यात भागतं. थंडीत शेण कुजवणारे जिवाणू सुस्तावतात आणि संध्याकाळी शेवटच्या तीन-चार भाकरी राहिल्या असताना शेगडी मान टाकते. मग आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, काही न बोलता उठून चूल पेटवायच्या. त्यांनी काही बोललेलं परवडलं असतं.

सिलिंडर आहे. पण घरचं शेण असताना सिलिंडर संपवायचा म्हणजे काय, हा आमच्याकडं खर्चापेक्षा मानाचा प्रश्न जास्त आहे.

अझोल्याचं पत्रक ह्यांनी कर्नाटक सरकारच्या रयत संपर्क केंद्रातून आणलं होतं, तेही दुभत्या जनावरांच्या खुराकासाठी. पत्रक कानडीत. पुतण्या कन्नड माध्यमात शिकतो, त्यानं वाचून दाखवलं. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, वीतभर खोल खड्डा. त्यात सिलपॉलिनचा, म्हणजे जाड प्लॅस्टिकचा कागद, वर 10 ते 15 किलो चाळलेली माती. 2 किलो शेण 10 लिटर पाण्यात कालवून ओतायचं, 30 ग्रॅम सुपर फॉस्फेट टाकायचं, चार बोटं पाणी भरायचं आणि वर मूठ-दोन मुठी अझोला सोडायचा. रोज अर्धा-पाऊण किलो निघतो म्हणे. पुतण्या वाचत होता आणि माझं लक्ष एकाच गोष्टीकडं गेलं, की या सगळ्या यादीत युरिया कुठंच नाही.

लग्नाआधी मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं होतं, त्यामुळं कारण आठवायला वेळ लागला नाही. अझोला ही पाण्यावर तरंगणारी छोटी नेचावर्गीय वनस्पती. तिच्या पानांच्या पोकळीत ॲनाबिना नावाचं नीलहरित शेवाळ राहतं आणि ते हवेतला नत्र (नायट्रोजन) पकडून तिला देतं. नत्राची सोय घरचीच, मग बाहेरून लागतं काय? स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), कॅल्शियम, मॅग्नेशियम, थोडं लोह. आणि राखेत काय असतं? नेमकं हेच. लाकूड जळताना नत्र धुरातून निघून जातो, खनिजं मागं राहतात. राख कितीही टाकली तरी तिच्यातून नत्र मिळणार नाही, म्हणून मका किंवा उसाला ती एकटी पुरत नाही. पण ज्याला नत्र मागायचाच नाही त्याला ती पुरावी. पाण्यात अझोला वाढवायचा, खत म्हणून फुकटची राख द्यायची, अझोला शेणात मिसळून गॅसच्या टाकीत सोडायचा. इथवर सगळं कागदावर सोपं होतं.

कोणती राख, हा पहिला प्रश्न.

आमच्या भागात या प्रश्नाला थोडा इतिहास आहे. निपाणी म्हणजे विडीच्या तंबाखूचा मुलूख. 1981 साली शेतकरी संघटनेनं पुणे-बंगळूर महामार्गावर जे तंबाखू आंदोलन केलं, त्यात आमचे मामंजी रस्त्यावर बसले होते. गोळीबाराचा विषय निघाला की ते अजूनही उठून बाहेर जातात. तेव्हा घरोघरी न्हाणीच्या चुलीत तंबाखूची धसकटं जळायची. पुढं पाणी आलं, तंबाखूच्या रानात ऊस आला आणि चुलीत चिपाड आलं. राखही बदलली, पण तिकडं कोण बघतंय? तंबाखूच्या धसकटाची राख पालाशनं भरलेली असते. बाभळीची, सुबाभळीची राखही चांगली, तिच्यात कॅल्शियम भरपूर. चिपाडाच्या राखेत मात्र मुख्य भाग सिलिकाचा, म्हणजे एका अर्थी वाळूच. त्यात चुलवाणाची आच एवढी असते की सिलिका आणि पालाश एकत्र वितळून काचेचे खंगर होतात. त्या खंगरात अडकलेला पालाश झाडाच्या हाती लागत नाही.

म्हणजे ज्या ढिगासाठी मी हे सगळं मनात मांडलं होतं, तो ढीगच सगळ्यात हलका निघाला. खरी कामाची राख न्हाणीतल्या बंबाखाली निघत होती, रोज ओंजळ-दोन ओंजळी.

सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आंबट किंवा क्षारी ते) मोजायच्या कागदी पट्ट्या बेळगावहून मागवता आल्या असत्या, पुढं मागवल्याही. पण सुरुवात हळदीनं केली. टिपकागदाला हळदीचं पाणी लावून वाळवायचं आणि राख कालवलेल्या पाण्यात बुडवायचं. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, कुंकवाचं मूळ तेच. बंबाच्या राखेचं पाणी लागताच कागद गडद तांबडा झाला, चिपाडाच्या राखेनं नुसता विटकरी. पाणी बोटांना बुळबुळीत लागत होतं. जुन्या बायका या पाण्यात कपडे भिजवायच्या ते उगाच नव्हे. नंतर पट्टी लावून पाहिली तर नितळ राखपाण्याचा सामू 11 च्या घरात. अझोल्याला 5 ते 7 मानवतो.

दुसरी परीक्षा नाकाची. एका बादलीत गॅसच्या टाकीतून बाहेर आलेली ताजी मळी घेतली (गोबरगॅसच्या स्लरीला आमच्याकडं मळीच म्हणतात, साखर कारखान्याची ती वेगळी) आणि वर दोन मुठी राख टाकून ढवळली. डोळ्यांत पाणी आलं. मळीतला नत्र अमोनियमच्या रूपात असतो. राखेनं सामू चढतो, आणि तो सव्वानऊच्या आसपास गेला की जवळपास निम्मा अमोनियम वायू होऊन उडायच्या बेतात असतो. उडाला तो नत्र गेलाच, राहिला तो पाण्यातल्या जिवाला बाधतो. गावोगाव उकिरड्यावर शेण आणि चुलीची राख एकाच टोपलीतून पडते. त्या वासात किती युरिया उडून जात असेल, याचा विचार त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही. तेव्हा नियम ठरला, राख आणि ताजी मळी एका वेळी कधीच नाही. मधे आठवडा तरी जाऊ द्यायचा.

तिसरी गोष्ट थोडी किचकट आहे, पण सगळा खेळ तिच्यावरच चालतो. राखेतला पालाश पाण्यात लगेच विरघळतो. स्फुरद विरघळत नाही, तो कॅल्शियमला धरून गाळात बसतो. म्हणून राखेची निवळी काढून ती खड्ड्यात ओतली तर पालाश आणि क्षार तेवढे जातात, आणि ज्यासाठी जीव टाकतोय तो स्फुरद फडक्यावर राहतो. अझोल्याचं खरं अडतं ते स्फुरदाशीच. स्फुरद कमी पडला की पानं लालसर होतात, मुळं लांब होऊन तुटायला लागतात. तेव्हा निवळी नको, गाळ हवा. पण किती? 30 ग्रॅम सुपर फॉस्फेटमध्ये 16 टक्क्यांनी पावणेपाच ग्रॅम स्फुरद. लाकडाच्या राखेत तो टक्का-सव्वा टक्का धरला, तर तेवढ्यासाठी 400 ग्रॅम राख लागेल. दोन बाय दोनच्या खड्ड्यात चार बोटं पाणी म्हणजे 300 लिटरच्या आतबाहेर. एवढ्या पाण्यात 400 ग्रॅम राख एकदम पडली तर सामू अझोल्याला सोसणार नाही. म्हणून ती पाण्यात टाकायचीच नाही, मातीत टाकायची.

केलं ते असं. राख चाळून कोळसे, खिळे, खंगर काढले. वर्षभर कुजलेलं शेणखत आणि राख, पाचास एक या मापानं, ओलसर करून पोत्याखाली झाकून ठेवलं. ताजं शेण नाही, त्यातला नत्र उडाला असता. कुजलेल्या खतात उडण्यासारखा थोडाच उरलेला असतो. कुजताना जी आम्लं आणि कर्बवायू तयार होतो त्यानं राखेचा तिखटपणा मरतो आणि स्फुरदही थोडा थोडा मोकळा होतो. हे मिश्रण खड्ड्याच्या तळाच्या मातीत मिसळलं आणि पाणी मुद्दाम कमी ठेवलं, मुळांची टोकं चिखलाला टेकतील इतकंच. अझोल्याची मुळं पाण्यात लोंबत असतात. ती गाळाला पोचली की स्फुरद स्वतः उचलतात.

आधी हे सगळं जुन्या टपांत करून पाहिलं. एकात नुसती माती आणि शेणकाला, एकात वरून सुपर फॉस्फेट, एकात मुरवलेली राख, आणि एकात पाण्यावर थेट भुरभुरलेली कोरडी राख. विरजणाला लागतं तेवढं बी ह्यांनी चिकोडीकडच्या एका दूधवाल्याच्या गोठ्यातून ओल्या पोत्यात घालून आणलं. थेट राखेचा टप आधी पिवळा पडला. नवी पानं फिकट निघायला लागली, कारण चढत्या सामूत लोह पाण्यात असूनही झाडाला मिळत नाही. पुढं काही दिवसांनी पाण्याचा सामू आपोआप उतरला आणि तो टपही सावरला, पण मागं राहिला तो राहिलाच. नुसत्या मातीचा टप सुरुवातीला जोरात होता, मग कडेनं लाल होत गेला. सुपर फॉस्फेटचा टप सगळ्यांत पुढं. मुरवलेल्या राखेचा त्याच्या मागं, पण फार मागं नाही, आणि मुख्य म्हणजे तो टिकून राहिला. सुपर फॉस्फेटच्या टपात दर आठवड्याला पुन्हा चिमूट टाकावी लागायची, राखेच्या टपाचं तसं नव्हतं.

आत्ती रोज येऊन टप बघून जायच्या. एकदा म्हणाल्या, "म्हशीला घालण्याजोगं दिसालंय की गं. ह्ये टाकीत घालून जाळणार व्हय?" त्या वाक्याला मी तेव्हा फार किंमत दिली नाही.

मग मोठे खड्डे. गुऱ्हाळाच्या भिंतीला लागून आमची अर्ध्या गुंठ्याची पडीक पट्टी होती. 2019 च्या आणि 2021 च्या पुरात नदीचं पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण भिंतीवर आहे. पट्टी त्याच्या वर, म्हणून तीच धरली. खोदकाम थोडंच, कडेला विटा उभ्या लावून बांध केला. तीन लांबट वाफे, खाली जुना ताडपत्रीचा थर, वर नवा कागद. वर हिरवी जाळी, अर्धं ऊन अडवणारी. भर उन्हाळ्यात उथळ पाणी तापतं आणि 35 अंशांच्या पुढं अझोला वितळल्यासारखा होतो, त्यामुळं जाळी हवीच. पावसाळ्यासाठी एका कोपऱ्यात पाइपाचा तुकडा घालून वरचं पाणी बाहेर काढलं, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा. नाहीतर एका रात्रीच्या पावसात पीक शेजाऱ्याच्या शेतात.

डासांची भीती सगळ्यांनी घातली. अझोल्याची चादर पूर्ण पसरली की डासांना अंडी घालायला मोकळं पाणी मिळत नाही. काढणी करताना चादर निम्मी तरी राखायची, एवढं पथ्य पाळलं. गोगलगायी मात्र येतात आणि हिरव्या अळ्याही. त्या वेचायचं काम पुतण्याकडं, दर गोगलगायीमागं त्याचा दर ठरलेला आहे.

तिसऱ्या वाफ्यात अझोल्याबरोबर टिकलीएवढ्या पानांचं एक हिरवं आपोआप आलं, ते लेम्ना. बहुतेक बियाबरोबरच आलं असणार. त्याला स्वतःचा नत्र नसतो. त्यामुळं राखेच्या वाफ्यात ते रडत होतं, आणि मळी जिथून बाहेर पडते त्या खड्ड्यात टाकलं तर चार दिवसांत माजलं. तिथं राख टाकायची तर आठवड्याचा नियम पाळूनच, नाहीतर पुन्हा नाकातोंडात अमोनिया. नदीतलं केंदाळ (जलपर्णी) आणून टाकीत घालायचा सल्लाही एका पाहुण्यानं दिला. केंदाळानं गॅस होतो, खरं आहे. पण त्याच्या मुळांत गाळ अडकलेला असतो, वरच्या गावांचं सांडपाणी शोषून ते वाढलेलं असतं, आणि एक फांदी चुकून पाटात पडली की पाट गेला. तो विषय तिथंच संपवला.

खरी कसरत टाकीत घालताना. अझोला तरंगण्यासाठीच जन्मलेला. ताजा घातला की टाकीतही वर येऊन त्याचा थर बसतो, आणि घुमटाच्या टाकीत वर ढवळायला हात पोचत नाही. तरंगत्या टाकीचा गोबरगॅस असता तर निदान टाकी फिरवून थर मोडता आला असता. म्हणून आदल्या दिवशीचा अझोला बादलीत थोड्या मळीत भिजवून, पायानं तुडवून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी तो काळपट, गळालेला झाला की शेणाच्या काल्यात मिसळून घालायचा. शेणाच्या मानानं थोडाच. अझोल्यात प्रथिनं भरपूर, कोरड्या वजनाच्या पाचवा-चौथा हिस्सा, म्हणजे कर्बाच्या मानानं नत्र जास्त. एकट्या अझोल्यावर टाकी चालवली तर आत अमोनिया साठून जिवाणूच आजारी पडतील. शेणाबरोबर चालतो.

आता मुद्द्याचं, गॅस किती वाढला?

इथं वजनकाट्याला विचारावं लागतं. ताज्या अझोल्यात 94-95 टक्के पाणी. 10 किलोची पाटी उचलली तर हातात येतं अर्धा किलो कोरडं, त्यातलंही काही राखच. शेण 10 किलो घेतलं तर कोरडं पावणेदोन-दोन किलो. चांगल्या दिवसांत चौरस मीटरला रोज 150 ग्रॅम अझोला निघतो असं धरा. एक गुंठा म्हणजे 101 चौरस मीटर, त्यातून 15 किलो. त्या 15 किलोंचा गॅस माझ्या हिशेबानं 200 लिटरच्या आसपास, म्हणजे 5 किलो शेणाइतका. एक म्हैस 15 किलो शेण देते. गुंठाभर पाणी, जाळी, कागद, राख, तुडवणं, हे सगळं करून मिळालं म्हशीच्या तिसऱ्या हिश्शाइतकं. आणि आमच्याकडं गुंठाही नाही, अर्धाच. घरगुती शेगडी तासाला साडेचारशे लिटर खाते. तेव्हा आमच्या वाट्याला आली पाव तासाची ज्योत.

हा हिशेब मी रात्री वहीत मांडला आणि सकाळी सगळ्यांना वाचून दाखवला. हे म्हणाले, "पाव तासात चहा होतो की दोनदा." मामंजी हसले. आत्तींनी मात्र सरळ म्हशीचा मुद्दा पुन्हा पुढं ओढला, आणि या वेळी माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हशीला दिवसाला दोन किलो अझोला पेंडीत मिसळून घातला तर पेंड कमी लागते. पेंडेचं पोतं काय भावानं येतं ते डेअरीच्या बिलातून कापून जाताना दिसतंच. दूध वाढलं असं मी म्हणणार नाही, आमच्या म्हशी मुळात मर्जीच्या. पण पेंड वाचली, ती पोत्यावर दिसली. धुऊन घालावा लागतो, नाहीतर शेणकाल्याच्या वासानं म्हशी तोंड फिरवतात. आणि म्हशीनं खाल्लेल्याचं पुढं शेण होऊन टाकीत येतंच, काही भाग तरी.

मग वाटणी झाली. रोजचा पहिला, स्वच्छ, हिरवा अझोला म्हशींचा. उरलेला, जुनाट, तपकिरी, अळीनं खाल्लेला, वाफे विरळ करताना निघालेला टाकीचा. पावसाळ्यात आणि पाऊस संपल्यावर थंडी लागेपर्यंत अझोला इतका येतो की म्हशींना संपत नाही. तो मी वाळवायला लागले, आणि या सगळ्या उद्योगात मला सर्वांत पटलेली गोष्ट तीच. पत्र्यावर पसरला की दोन उन्हांत कुरकुरीत. पाटीभर घातलेला मूठभर उरतो, बघून वाईट वाटतं, पण वजन गेलं ते पाण्याचं. 10 किलो वाळलेला अझोला साठला की त्यात साधारण 200 किलो ओला बसलेला असतो, आणि त्याचा गॅस अडीच घनमीटरच्या घरात जातो. हा साठा डिसेंबर-जानेवारीसाठी. नेमकं तेव्हा वाफ्यातली वाढ मंदावते, पानं थंडीनं लाल होतात (तेव्हा ती लाली स्फुरदाची समजून राख वाढवायची नाही), टाकीही सुस्त असते. रात्री कोमट पाण्यात भिजवलेली ओंजळभर पूड आणि शेणकाला कालवायला बंबातलं उरलेलं ऊन पाणी. गेल्या थंडीत भाकरीच्या वेळेला शेगडी टिकली. कोमट पाण्याचा वाटा किती आणि अझोल्याचा किती, हे वेगळं काढून सांगणं अवघड आहे. माझा संशय, पाण्याचा वाटा मोठा असावा. आत्तींच्या लेखी श्रेय पाण्याचंच.

गावातले दोघं-तिघं बी न्यायला येऊन गेले. सगळ्यांना राख फुकट मिळते म्हणून उत्साह. मी पहिलं विचारते ते चुलीत काय जाळता. काही ठिकाणी गुऱ्हाळाचा जाळ धरायला टायरचे तुकडे, प्लास्टिक, जुन्या चपला घालतात. रंगवलेल्या फळ्या तर सर्रास. त्या राखेत जस्त, शिसं येतं, अझोला ते शोषून घेतो आणि मग ते म्हशीच्या पोटात आणि तिथून दुधात. तसली राख गॅसपुरतीसुद्धा नको, कारण मळी शेवटी शेतातच जाणार. एकानं केळीच्या वाळलेल्या खुंटाची राख आणून दाखवली. हळदीचा कागद तिच्यात बुडताच जवळजवळ काळा झाला. पालाश एवढा असेल तर तिला मुरवताना शेणखत दुप्पट घे, म्हटलं.

यंदा एका वाफ्यात फक्त सुपर फॉस्फेट, एकात फक्त बंबाची मुरवलेली राख आणि तिसऱ्यात चुलवाणाची राख, चांगली दामदुप्पट घालून, अशी वाटणी केली आहे. शेजारचा ढीग तसाच आहे. तो कामाला येतो का नाही, ते गोगलगायी वेचणाऱ्या पुतण्याच्या वहीत रोजच्या वजनानं उतरतंय. वही कानडीत आहे, बेरीज मी करते.